धूसरांची जमाबंदी

मनुष्याची खरी पारख, तो मानाच्या पाहुण्यास पाट कसा मांडतो यावरून होत नसून, ज्याच्याशी त्याचे काडीचेही काम अडलेले नाही अशा ओसरीवरच्या इसमाशी तो कसा वागतो यावरून होते, असे आमच्या महसूल खात्यातील एक वयोवृद्ध पेशकार म्हणत असत. आणि उभी हयात सातबारा, फेरफार व पंचनामे यांत घालवून निवृत्तीनंतर छायाचित्रणाच्या नादी लागलेल्या मजसारख्या गृहस्थास हाच न्याय कॅमेऱ्याच्या भिंगांना लावण्याचा मोह आवरत नाही. ज्या वस्तूवर नेम धरला ती स्पष्ट दाखवणे हे काम कोणतेही भिंग करते. त्यासाठीच ते विकत घेतलेले असते, आणि पगारी नोकराने पगाराचे काम केले म्हणून त्याचा सत्कार करण्याची चाल निदान आमच्या कचेरीत तरी नव्हती. भिंगाचे शील उघड होते ते ज्यांच्यावर त्याने नेम धरलेला नाही त्यांच्या बाबतीत. मागचे झाड, बाजूचा मांडव, तिसऱ्या रांगेतला मामा आणि क्षितिजावरची बालाघाटची रांग यांची नोंद ते कोणत्या रीतीने घेते, की मुळी घेतच नाही, हे पाहिल्याशिवाय भिंगाला चारित्र्याचा दाखला देऊ नये.

ज्यांनी मोबाईलच्या पाठीवरचाच कॅमेरा पाहिला आहे त्यांच्या सोयीसाठी येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. भिंग समोरच्या साऱ्या मुलखाची मोजणी करीत नाही. आपल्यापासून ठरावीक अंतरावरचा एक अरुंद पट्टा तेवढा ते निवडते आणि त्या पट्ट्यात उभ्या असलेल्या प्रत्येक बिंदूची बिंदू म्हणून रीतसर नोंद करते. पट्ट्याच्या अलीकडचे व पलीकडचे सर्व खातेदार बेदखल होतात. त्यांच्या एकेका बिंदूची चित्रावर एकेक चकती पडते, आणि अशा असंख्य चकत्या परस्परांच्या हद्दीत घुसल्या म्हणजे जो गोंधळ माजतो त्यालाच धूसर पार्श्वभूमी म्हणतात. 58 मिलिमीटरचे भिंग एफ 2 पर्यंत उघडून दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र घेतले तर हा पट्टा जेमतेम 14 सेंटिमीटर भरतो. 85 मिलिमीटरचे, एफ 1.4 पर्यंत उघडणारे भिंग घेतले तर तो साडेचार सेंटिमीटरांवर येतो, म्हणजे नवरीची नथ हद्दीत राहते आणि कानातली कुडी हद्दीबाहेर जाते. नथ सासरची आणि कुड्या माहेरच्या असतील तर यातून केवढा बखेडा उत्पन्न होतो, याची सूचना भिंगांच्या कारखानदारांनी आजवर एकाही माहितीपत्रकात छापलेली नाही.

चकतीचा आकार भिंगाच्या छिद्राचा असतो. पाती अर्धवट मिटून छिद्र षट्कोनी झाले की दूरचे दिवेही षट्कोनी होतात. छिद्र पूर्ण उघडे असले की ते वाटोळे राहतात. परंतु आकारापेक्षा चकतीच्या पोटात उजेडाची वाटणी कशी झाली आहे, हा मुद्दा अधिक नाजूक आहे. उजेड मध्यभागी जास्त आणि कडेला विरळ असेल तर शेजारशेजारच्या चकत्या तंट्याविना एकमेकींत मिसळतात. कडेलाच उजेड साठून राहिला असेल तर प्रत्येक चकती आपल्या बांधावर काटेरी कुंपण घालून बसते. ही वाटणी ठरते ती गोलीय विपथन नामक दोषाच्या दुरुस्तीवरून. दुरुस्ती थोडी कमी पडली की मागचा मुलूख मवाळ होतो, ती प्रमाणाबाहेर झाली की तिखट होतो, आणि नेमाच्या पुढे असलेल्या वस्तूंच्या बाबतीत हाच हुकूम नेमका उलटा फिरतो. भिंग निर्दोष करण्याच्या भरात ते उद्धट होण्याची शक्यता निसर्गाने अशी राखून ठेवलेली आहे, आणि अतिशय सचोटीच्या काही अधिकाऱ्यांच्या हाताखाली ज्यांनी नोकरी केली त्यांना यात नवल वाटणार नाही.

या विषयावर मत देण्याचा अधिकार धाराशिव जिल्ह्याच्या रहिवाशाइतका अन्य कोणास पोहोचत असेल असे मला वाटत नाही. कारण आम्ही धूसर पार्श्वभूमी नुसती पाहिलेली नसून पिढ्यान् पिढ्या तीत वास्तव्य केलेले आहे. या मुलखावर ज्यांनी राज्य केले त्या प्रत्येकाची राजधानी दुसरीकडे होती. बिदर झाले, अहमदनगर झाले, विजापूर झाले, हैदराबाद झाले आणि 1956 पासून मुंबई झाली; प्रत्येक राजधानीने आपला नेम मुख्यतः स्वतःवरच धरून ठेवल्यामुळे आम्ही तिच्या चित्रात कधी उजव्या तर कधी डाव्या कोपऱ्यात चकत्यांच्या रूपाने पडत आलो. 1853 मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून नळदुर्गचा मुलूख काढून घेतला, मेडोज टेलर नावाचा एक रसिक साहेब कारभारासाठी नळदुर्गास येऊन राहिला, आता आपण पट्ट्यात आलो अशी आशा बाळगावी तोच 1860 मध्ये सारा मुलूख निजामाच्या पदरात परत गेला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येडशी आणि ढोकीवरून लातूरकडे धावत असे आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बाजूलाच ठेवीत असे. रूळ रुंद करण्याची वेळ आली तेव्हा कोठे मार्ग वळवून गावाला आगगाडीचे दर्शन घडवण्यात आले. 1982 मध्ये आमच्यातून लातूर वेगळे निघाले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने साऱ्या जगाची दृष्टी इकडे ओढली, पण ती किल्लारीच्या नावावर स्थिरावली, आणि आमचे सास्तूर उद्ध्वस्त होऊनही त्या नावाच्या मागे उभे राहिले. हा थट्टेचा विषय नव्हे, म्हणून एका वाक्यात सांगून पुढे जातो. 2018 मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत आमची गणना केली, आणि आम्हांस ‘आकांक्षित’ अशी पदवी बहाल केली. धूसरपणा कायम राहिला. त्याची प्रत मात्र निःसंशय सुधारली.

ज्याच्या भाळी असे जिणे आले त्याला स्वतःच्या छायाचित्रात तरी मागची प्रत्येक वस्तू लख्ख हवी असते, हे ओघानेच आले. पूर्वीचे भिंगही त्याला अनुकूल होते. आमचा मुलूख ज्या राज्यात मोडत असे त्या हैदराबादच्या दरबारात लाला दीनदयाळ हे थोर छायाचित्रकार होते. सहाव्या निजामाने, म्हणजे मीर महबूब अली खान यांनी, 1894 मध्ये त्यांस ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. चित्रे काढण्याबद्दल लढाईचा किताब मिळाला याचे आश्चर्य, दरबारी समूहचित्र म्हणजे काय असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाटणार नाही. शेवटच्या रांगेतला जहागीरदार धूसर निघाला तर त्याची तक्रार केवळ छायाचित्रकाराविरुद्ध राहत नाही. आपल्यापुढे कोणाला उभे केले होते, हा प्रश्न तीतून निघतो आणि तो तीन पिढ्या मिटत नाही. म्हणून छिद्र बारीक करावे, उजेड भरपूर घ्यावा, मंडळींना श्वास रोखून उभे करावे आणि मानकऱ्यांपासून भालदारांपर्यंत सर्वांना एकाच पट्ट्यात बसवावे, हा त्या काळचा शहाणपणाचा मार्ग होता.

पुढे तालुक्याच्या गावी स्टुडिओ झाले आणि पार्श्वभूमी कापडावर उतरली. वळणाचा जिना, खांबावरची कुंडी, तळ्यातले हंस आणि त्यामागे कोणत्याही पर्जन्यमानाच्या तक्त्यात न बसणारी हिरवळ अशा रंगवलेल्या पडद्यापुढे आमच्या अवर्षणग्रस्त मुलखातील कित्येक विवाहित जोडपी ताठ बसून गेली. तुळजापुरास देवळाच्या वाटेवर पडद्याचा विषय वेगळा असे. तेथे भवानी तलवार देणारी देवी आणि ती स्वीकारणारे शिवछत्रपती यांच्या शेजारी यात्रेकरूस उभे राहता येत असे. अशा पडद्यापुढे मागची बाजू धूसर करणे म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे घेतले तीच गिऱ्हाइकास न देणे होय. घरगुती कॅमेऱ्यांत बडोद्यास तयार होणारा अ‍ॅगफा क्लिक थ्री हा याच मताचा होता. त्याचे साधे, एफ 8.8 चे भिंग तीन मीटरच्या पलीकडे जे जे असेल ते ते सारख्याच बऱ्यावाईटपणाने स्पष्ट दाखवी. त्या रोलवरच्या बारा चौकोनांत आजोबा, बैल, विहिरीचा रहाट आणि रहाटामागे लघुशंकेस निघालेला सालगडी या सर्वांना समान दर्जा असे. त्या भिंगाच्या राज्यात कोणी मोठा झाला नाही, हे खरे. पण कोणी बेदखलही झाला नाही.

याउलट धूसरपणा हीच ज्यांची कीर्ती, अशा भिंगांचा मूळपुरुष म्हणजे व्हिएन्नाचा गणिती जोसेफ पेट्झवाल. 1839 मध्ये दागेरची छायाचित्रणाची कृती जगजाहीर झाली तेव्हा भिंगे इतकी मंद होती की चित्र उमटेपर्यंत माणसाला मिनिटामागून मिनिटे निश्चल बसावे लागे. पेट्झवालने 1840 मध्ये गणित करून व्यक्तिचित्रासाठी एफ 3.6 च्या आसपास उघडणारे भिंग सिद्ध केले आणि फॉइगटलेंडरच्या कारखान्याने ते तयार केले. त्यासाठी आकडेमोड एवढी प्रचंड होती की तोफखान्याचा प्रमुख असलेल्या आर्चड्यूक लुडविगने आपल्याकडील हिशेबात वाकबगार गोलंदाज पेट्झवालच्या दिमतीस दिले. हे वाचताना परांड्याच्या किल्ल्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. 1549 मध्ये रूमीखानाने अहमदनगरास ओतलेली मुलूख-ए-मैदान ही अजस्र तोफ काही काळ आमच्या परांड्यास होती, आणि 1632 मध्ये मुरार जगदेवाने ती तेथून विजापुरास नेली. व्हिएन्नाच्या सरकारने गोलंदाज भिंगाच्या कामाला लावले, आणि आमच्याकडे गोलंदाज जागेवर राहिले पण तोफच नेण्यात आली. दोन्हीकडे ते मोकळेच बसले होते, एवढाच मुद्दा मला नोंदवायचा आहे. त्या वेळी कोणी गणिती परांड्यास मुक्कामाला असता तर प्रकाशशास्त्राचा इतिहास सीना नदीच्या खोऱ्यातून गेला असता.

पेट्झवालच्या भिंगाचा स्वभाव असा, की मध्यभागी चेहरा अप्रतिम स्पष्ट उमटतो, आणि मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा भिंगाचा पट्टा सपाट न राहता वाकत जातो. त्यामुळे कडेची पाने, दगड व माणसे केवळ धूसर होऊन थांबत नाहीत, ती चेहऱ्याभोवती फेर धरतात. पेट्झवालच्या लेखी ही अर्थातच उणीव होती. क्षेत्राच्या या वक्रतेचा सिद्धान्त त्याच्याच नावाने ओळखला जातो, यावरून तो तिच्याशी किती झगडला असेल याची कल्पना यावी. आजचा तरुण छायाचित्रकार मात्र त्या भिंगाची नवी नक्कल घेताना प्रथम तीच उणीव जागेवर आहे ना, याची खातरजमा करून घेतो.

फेर धरण्याच्या या कलेत गरिबांचा आधार म्हणजे रशियातील हेलिओस 44. याची वंशावळ मनोरंजक आहे. जर्मनीतील कार्ल झाइसच्या कारखान्यात विली मेर्टे याने बायोटार नावाची भिंगे आखली. त्यांतील 58 मिलिमीटर, एफ 2 चे भिंग नामांकित झाले. दुसरे महायुद्ध संपल्यावर विजयी सोव्हिएत सरकारने नुकसानभरपाईत जर्मन प्रकाशशास्त्राचा बराच दस्तऐवज वसूल केला, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे बायोटारचे हेलिओस होऊन ते झेनिट कॅमेऱ्यांच्या तोंडाशी बसवून असंख्य नगांनी बाहेर पडू लागले. फेरफार नोंदवताना वारसाऐवजी विजेत्याचे नाव लागल्याचे असे स्वच्छ उदाहरण आमच्या दफ्तरातही विरळा. या भिंगाच्या मध्यातून पाहिल्यास मागचे ठिपके गोल दिसतात. पण कडेकडे भिंगाच्या नळीचे काठच प्रकाशाच्या आड येतात, चकत्या दोन्ही बाजूंनी छाटल्या जाऊन लिंबोणीच्या बियांएवढ्या निमुळत्या होतात, आणि सगळ्या मध्याभोवती वळसा घेऊन उभ्या राहतात. त्यासाठी मागे बारीक पानांचे, जागोजाग आभाळ दाखवणारे झाड लागते. युरोपातले लोक यासाठी उद्याने धुंडाळतात असे ऐकतो. आमच्याकडे बाभूळ आहे. नळदुर्ग रस्त्याला सायंकाळी पाचच्या सुमारास, उन्हाकडे पाठ केलेल्या बाभळीपुढे कोणाही सामान्य माणसास उभे करून हेलिओस पूर्ण उघडावे. जिच्याखाली शेळ्यांशिवाय कोणी थांबत नाही ती बाभूळ त्याच्या मस्तकाभोवती असे काही तेजोवलय फिरवते की त्या माणसाच्या थकबाकीचाही आपणांस क्षणभर विसर पडतो.

तथापि प्रत्येक वस्तू फिरवून दाखवण्याजोगी नसते. आमच्या गल्लीतील एका होतकरू छायाचित्रकाराने हेच भिंग लावून तुळजापुरास, राजे शहाजी महाद्वारापुढे, नवस फेडण्यास आलेल्या एका कुटुंबाचे चित्र घेतले. कुटुंबप्रमुखांनी ते कॅमेऱ्याच्या पाठीवर पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, “दादा, ही मागची सगळी माणसं आन् पताका फिरायल्यात कशापायी?”

“लेन्सचा इफेक्ट आहे, मामा. लोक मुद्दाम मागून घेतात.”

“घेत असतील. पर आमी देवीला जाऊन आलो हे गावात दाखवायचंय. ह्यात आमी यात्रेत बी असू, नाहीतर पाळण्यात बी असू.”

“चेहरे बघा की, मामा, कसले कडक आलेत.”

“चेहरे आमच्या घरी हायेत, दादा. महाद्वार न्हाई.”

या युक्तिवादास प्रकाशशास्त्रात उत्तर नाही. ज्या गावी माणूस पार्श्वभूमीचे दर्शन घेण्यासाठीच येतो, तेथे नेम कोणावर धरावा हा प्रश्न भिंगाच्या अखत्यारीत येत नाही. आणि पुढे छायाचित्रकाराने छिद्र एफ 11 पर्यंत मिटून महाद्वार, पताका, नारळवाला आणि मामा यांना एका पट्ट्यात आणले, तेव्हा कोठे मामांनी खिशात हात घातला.

दुसरे एक ख्यातनाम जुने भिंग म्हणजे गर्लिट्झच्या मायरचे ट्रायोप्लान, 100 मिलिमीटर, एफ 2.8. त्यात काचा अवघ्या तीन; 1893 मध्ये डेनिस टेलर या इंग्रज आखणीकाराने सिद्ध केलेल्या तीन काचांच्या रचनेचेच ते कुळ. याच्या चकत्यांत गोलीय विपथनाची दुरुस्ती वाजवीपेक्षा जास्त झालेली असल्यामुळे पोट फिके आणि कड झळाळती निघते, आणि दूरचा प्रत्येक दिवा बुडबुडा होऊन चित्रात तरंगतो. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापूरकडे रात्रभर पायी चालणाऱ्या यात्रेकरूंची रांग, चहाच्या पालांवरचे दिवे, मोटारींची तोंडे आणि आराधिणींच्या हातातील पोत यांच्यावर या भिंगाने जी माया केलेली असते ती पाहून अगदी रूक्ष कारकुनानेही मान डोलवावी. परंतु तेच भिंग दिवसा उजेडी, वैशाखातल्या वठलेल्या फांद्यांकडे किंवा महावितरणच्या तारांकडे वळवा. ज्या गुणाने दिव्याचा बुडबुडा केला त्याच गुणाने ते एकेका काटकीच्या दोन दोन काटक्या आणि एकेका तारेच्या दोन दोन तारा करते. मागचा परिसर इतका अस्वस्थ होतो की पुढच्या माणसाने काहीतरी लपवले असावे असा संशय येऊ लागतो. एवढ्या तारा खरोखर असत्या तर आमचे भारनियमन केव्हाच संपले असते.

धूसरपणाचे प्रमाण छायाचित्रकाराच्या मर्जीवर सोपवण्याचे प्रयोगही झालेले आहेत. डालमायरने 1866 मध्ये असे व्यक्तिचित्राचे भिंग काढले की त्याचा मागचा भाग किंचित फिरवला म्हणजे चित्रात हवी तेवढी मृदुता मिसळता येई; आणि त्याच विचाराच्या वाटेने 1990 मध्ये निकॉनने 135 मिलिमीटरच्या एका भिंगास स्वतंत्र कडे बसवले, जे एका बाजूस फिरवले की मागची मंडळी मवाळ होत आणि दुसऱ्या बाजूस फिरवले की पुढची. कोणास सूट द्यावी आणि कोणास जप्ती दाखवावी याचा अधिकार इतक्या उघडपणे एका कड्यात ठेवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आमच्या वेळी तो शिरस्तेदारांच्या भुवईत असे.

हल्लीची महागडी भिंगे या सर्वांपेक्षा विद्वान आहेत. पंधरा-वीस काचा, त्यांत काही अगोलीय, आणि सर्व दोषांचा संपूर्ण निरास. त्यांच्या हाती पार्श्वभूमी सापडली की ती फिरत नाही, बुडबुडत नाही, दुपदरी होत नाही. ती नाहीशी होते. जुने भिंग मागच्या माणसाचे हाल करते हे मान्य आहे. पण हाल करण्यासाठी आधी तो माणूस तेथे आहे हे कबूल करावे लागते. नवे भिंग त्या माणसाच्या जागी एक अत्यंत सभ्य, एकजिनसी, गुलाबी धुके ठेवते आणि पुढच्या कामाला लागते. अर्जाला नकार देणारा जुना मामलेदार आणि अर्ज पोहोचलाच नाही असे गोड आवाजात सांगणारी नवी खिडकी, यांतला फरक ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगणे न लगे.

मोबाईलने तर भिंगालाच रजा दिली. त्याचा कॅमेरा इतका चिमुकला की त्याच्या पट्ट्यात साधारण सर्वच खातेदार मावतात; मग पुढचा माणूस कोणता व मागचा कोणता याचा तो मनाशी अंदाज करतो आणि मागच्यांना हिशेबाने धूसर करतो. ही मोजणी जागेवर न जाता केलेली असल्यामुळे हद्दीचे तंटे अपरिहार्य आहेत. फेटा पट्ट्यात घेतला जातो आणि त्याचा शेमला आभाळात जमा होतो. आराधिणीच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेचा अर्धा फेर तिच्याकडे राहतो आणि अर्धा मागच्या दगडी दीपमाळेच्या नावे चढतो. टक्कल असलेल्या सद्गृहस्थांच्या उरल्यासुरल्या चार केसांवर तर कोणताही अंदाज टिकत नाही, आणि ते सरकारजमा होतात. एका शेतकरी स्नेह्याने पिकाच्या नुकसानीचा पुरावा म्हणून मुलाकरवी मोबाईलवर असेच चित्र काढून आणले होते. ते स्वतः त्यात कमालीचे देखणे निघाले होते, मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मागे मात्र जे काही पिवळट पसरले होते ते करपलेले सोयाबीन आहे, हे सोयाबीनने स्वतः येऊन सांगितले असते तरी कोणी पंच सही करण्यास धजला नसता. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाचे चित्र आपणच नोंदवावे असे ठरले. त्या कामी मनुष्याच्या सौंदर्याचा सरकारास उपयोग नाही, ही गोष्ट नव्या पिढीच्या लवकर ध्यानी येत नाही.

परंतु धूसरपणाचा खरा कस लग्नाच्या मांडवात लागतो. मंगलाष्टके चालू असताना वधूच्या मागे तिचा मामा आणि वराच्या मागे त्याचा मामा उभा राहतो, ही आमची रीत जितकी प्राचीन तितकीच भिंगशास्त्राला प्रतिकूल आहे; कारण 14 सेंटिमीटरांच्या पट्ट्यात अंतरपाटाची एक बाजू आणि नवरीच्या मुंडावळ्या बसवल्यावर मामासाठी कोणत्याही भिंगात जागा शिल्लक राहत नाही. म्हणजे कुळाचार ज्या जागेला मानाची म्हणतो, नेमकी तीच जागा प्रकाशशास्त्र बेदखल ठरवते. अशाच एका लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा नवरीच्या थोरल्या मामांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आणि मग शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत तपासला, आणि छायाचित्रकारास बोलावून अतिशय शांतपणे म्हणाले, “हे लाल दिसायलंय न्हवं, ह्यो फेटा माझा हाय. फेट्याखाली कोण हाय, ते मात्र कुणीबी म्हणावं.” छायाचित्रकाराने पट्टा, छिद्र व अंतर यांचे शास्त्र समजावून सांगितले. मामांनी ते सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मग आहेराचं ताट कसं लख्ख आलंय?” ताट वधूच्या पायाशी, बरोबर पट्ट्यात होते, हे कारण खरे असल्यामुळे ते कोणालाच पटले नाही.

मला मामांची बाजू पटते. पुढे उभा असलेल्याला स्पष्ट दाखवण्यास काहीच विशेष लागत नाही. मागे उभा असलेल्याचा फेटा तरी ओळखू यावा, तो फिरका किंवा बुडबुडेदार होऊन का होईना पण त्याच्या मालकीचा राहावा, एवढी अदब भिंगात असली पाहिजे. जुन्या भिंगांत ती त्यांच्या दोषांतून उतरली. पेट्झवाल, मेर्टे आणि त्यांचे सर्व वारस हे दोष काढून टाकण्यासाठी झुरले, आणि जगाने त्यांचे कर्तृत्व विसरून त्यांच्या हातून राहून गेलेल्या चुका तेवढ्या चढ्या भावाने विकत घेतल्या, हा न्याय कठोर असला तरी निव्वळ वेडेपणाचा नाही. निर्दोष माणसाशी व्यवहार करता येतो; आठवण मात्र ज्याला काही खोड होती त्याचीच निघते.

येणेप्रमाणे उभय पक्षांचे म्हणणे ऐकून, दाखल चित्रे अवलोकन करून आणि जागेची पाहणी करून सबब हुकूम असा की, पेट्झवाल व हेलिओस यांनी बाभूळ, लिंब व तत्सम बारीक पानांची झाडे यथेच्छ फिरवावीत, परंतु महाद्वार, शिखर, दीपमाळ आणि जेथे नवस बोलला वा फेडला जातो अशी कोणतीही जागा त्यांनी जागची हलवू नये. ट्रायोप्लानने रात्री विहार करावा, दिवसा विजेच्या तारांची संख्या वाढवून ग्राहकांत खोटी आशा उत्पन्न करू नये. मोबाईलने शेमला, कवड्या व केस मूळ मालकांस परत करावेत, आणि पिकाच्या चित्रात पीक हेच पुढचे व शेतकरी हा मागचा समजावा. लग्नात दोन्ही मामांचे एकेक चित्र एफ 8 किंवा त्याहून बारीक छिद्राने, फेट्यासह व फेट्याखालील इसमासह, घेणे छायाचित्रकारावर बंधनकारक राहील आणि त्याचा खर्च ज्या पक्षाने लग्नात जास्त मान मागितला त्याने सोसावा. या हुकुमावर अपील करणे झाल्यास ते रीतसर मुंबईस करावे. तेथून धाराशिव स्पष्ट दिसत नसल्यामुळे अपिलाचा निकाल लागेपर्यंत हाच हुकूम अमलात राहील.